मानद खुर्चीवर कोणता आर्किटेक्ट?

शहरातली इमारत मालकाची असते, पण तिच्याबरोबर रोज राहावे लागते ते शेजारपाजाऱ्यांना. तिची सावली त्यांच्या खिडकीत पडते, तिच्या पार्किंगमधून निघणारी गाडी त्यांच्या मुलांच्या वाटेत येते, तिची कोरी भिंत त्यांच्या गल्लीला बकाल करते. नकाशावर सही मात्र त्यांची लागत नाही. ही उणीव थोडी तरी भरून निघावी म्हणून अनेक शहरांनी एक मधली व्यवस्था केली आहे. मोठ्या इमारतीचा आराखडा मंजूर होण्याआधी नागरिक आणि जाणकार यांच्या मंडळाने तो पाहायचा आणि आपले मत द्यायचे. अशा मंडळावर निदान एक तरी आर्किटेक्ट असतो आणि बहुतेक ठिकाणी तो विनामोबदला काम करतो.

हा आर्किटेक्ट निवडायचा कसा, याचा विचार आपल्याकडे फार वरवर होतो. नाव मोठे, कामे मोठी, पुरस्कार बरेच, एवढे पाहून निवड उरकली जाते. हे निकष इमारत बांधून घेताना ठीक आहेत. दुसऱ्याने रचलेली इमारत शहराच्या वतीने तपासताना ते पुरत नाहीत. तिथे दोन गुण लागतात. स्वतःची आवडनिवड बाजूला ठेवून दुसऱ्याचा आराखडा वाचता आला पाहिजे, आणि आपल्या पोटापाण्याची दोरी समोर बसलेल्या विकासकाच्या हातात असता कामा नये. बाकी सगळे दुय्यम.

अमेरिकेतल्या सिएटल शहराचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. या शहराने १९९४ मध्ये रचना परीक्षणाची पद्धत सुरू केली. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला पाच सदस्यांचे मंडळ दिले. त्यांत एक जण रचनेच्या व्यवसायातला, एक बांधकाम विकासाच्या क्षेत्रातला आणि बाकीचे रहिवासी, परिसर व स्थानिक व्यापार यांच्या बाजूने बोलणारे. सगळे स्वयंसेवक. नेमणूक महापौर आणि नगर परिषद यांच्याकडून, मुदत दोन वर्षांची. बैठका जाहीर, बहुधा संध्याकाळी, कोणीही येऊन बोलावे अशा. या मंडळाचे मत नुसते सल्ल्यापुरते राहू नये याचीही तजवीज कायद्यात केली होती. पाचपैकी चार सदस्यांचे एका शिफारशीवर एकमत झाले, तर ती डावलण्यासाठी बांधकाम परवाने देणाऱ्या खात्याच्या संचालकाला कायद्याने ठरवून दिलेल्या मोजक्या कारणांपैकी एखादे दाखवावे लागे. म्हणजे दिवसभराचे काम आटोपून बैठकीला येणाऱ्या बिनपगारी माणसाच्या शब्दाला कोट्यवधी डॉलरच्या प्रकल्पात खरे वजन होते.

त्या टेबलावर आर्किटेक्टचा नेमका उपयोग काय, हे पहिल्याच बैठकीत कळते. सुरुवातीच्या टप्प्यावर अर्जदाराने इमारतीच्या आकारमानाचे किमान तीन पर्याय मांडावेत, असा सिएटलचा दंडक होता. हेतू चांगला, की मंडळाला खरोखर तुलना करता यावी. पण पळवाट सोपी आहे. दोन पर्याय मुद्दाम बेढब काढायचे आणि तिसरा, जो आधीच ठरलेला आहे, तो त्यांच्यापुढे देखणा दिसेल असे पाहायचे. सभागृहातल्या रहिवाशांना तीन रंगीत चित्रे दिसतात. आर्किटेक्टला दिसते की पहिल्या दोन पर्यायांत जिना आणि लिफ्ट अशा जागी ठेवली आहे की कोणताही शहाणा माणूस तो आराखडा पुढे नेणार नाही. रंगीत चित्रात पदपथावर वीस वर्षांचे डेरेदार झाड असते. त्यामागे चाळीस फूट लांबीची, दार-खिडकी नसलेली भिंत आहे हे त्याला दर्शनी नकाशावरून कळते. उभ्या छेदात तळमजल्याची उंची पाहून तो सांगू शकतो की 'दुकाने' असे लिहिलेल्या जागेत दुकान चालणार नाही आणि वर्षा-दोन वर्षांत तिथे शटर पडेल. कचऱ्याची गाडी कुठून वळेल, रॅम्पच्या तोंडाशी चालणारा माणूस चालकाला दिसेल का, हे प्रश्न तोच विचारू शकतो. नकाशा वाचता न येणाऱ्या शेजाऱ्यांसाठी तो वाचणे, हे त्या खुर्चीचे पहिले काम आहे.

दुसरे काम याहून अवघड. चांगल्या आर्किटेक्टच्या हाताला सवय असते ती कोऱ्या कागदावर उत्तर शोधण्याची. समोर आराखडा आला की हात शिवशिवतो. 'मी असतो तर इथे वीट वापरली असती, छज्जा इतका बाहेर काढला नसता, रंग जरा उतरवला असता.' ही वाक्ये मंडळात उच्चारली जातात तेव्हा परीक्षण संपते आणि एका इमारतीला दोन आर्किटेक्ट लाभतात. त्यातला दुसरा असा असतो, की त्याला ना अंदाजपत्रक सांभाळायचे असते, ना इमारतीत राहणाऱ्यांना तोंड द्यायचे असते. सिएटलची लिखित मार्गदर्शक तत्त्वे होती. जागेचा संदर्भ, सार्वजनिक जीवन आणि रचनेची संकल्पना अशा तीन गटांत ती मांडलेली होती. तरीही सदस्यांच्या मर्जीनुसार मते बदलतात, बैठकांवर बैठका होतात, उशिराचा खर्च शेवटी घरांच्या किमतीत उतरतो, अशी तक्रार वाढत गेली. घरांची टंचाई तीव्र झाल्यावर वॉशिंग्टन राज्याच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये कायदाच केला. रचना परीक्षण फक्त स्पष्ट आणि वस्तुनिष्ठ निकषांवर व्हावे आणि त्यासाठी एकापेक्षा जास्त जाहीर बैठक घेऊ नये. मंडळांनी शहराला पुष्कळ दिले, हे मान्य करूनही मला या कायद्यामागचे दुखणे खरे वाटते. निकषाला धरून न बोलणारा एक सदस्य सगळ्या व्यवस्थेवरचा विश्वास घालवू शकतो.

आता बिनपगारी असण्याचा प्रश्न. मानद सेवा हा शब्द ऐकायला छान आहे, पण विनामोबदला संध्याकाळी कोण देऊ शकतो? नुकतीच स्वतःची कचेरी काढलेला तरुण नाही. घरी लहान मूल असलेली, दुसऱ्याच्या फर्ममध्ये नोकरी करणारी आर्किटेक्ट नाही. वेळ काढू शकतात ती मोठ्या फर्मची भागीदार मंडळी, आणि त्यांचेच ग्राहक उद्या त्याच मंडळापुढे अर्ज घेऊन येणार असतात. आपल्या प्रकरणाच्या दिवशी सदस्य खोलीबाहेर जातो, नोंदवहीत तसे लिहिले जाते, नियम पाळला जातो. पण शेजारच्या भूखंडाच्या विकासकाशी त्याची बोलणी चालू असतात ती कोणत्या नोंदवहीत येतात? म्हणून मला वाटते, बैठकीमागे माफक मानधन द्यावे. ही खिरापत नाही. ज्यांना फुकट काम परवडत नाही अशांसाठी दार उघडण्याची ती किंमत आहे.

नेमणुकीच्या बाबतीत न्यूयॉर्कचा नियम शिकण्यासारखा आहे. तिथे १८९८ मध्ये स्थापन झालेला कला आयोग आज सार्वजनिक रचना आयोग म्हणून काम करतो आणि शहराच्या जागेवरच्या वास्तू व कलाकृती तपासतो. अकरा सदस्यांत एक आर्किटेक्ट, एक निसर्गरचनाकार, एक चित्रकार, एक शिल्पकार, शिवाय मोठी संग्रहालये आणि सार्वजनिक ग्रंथालय यांचे प्रतिनिधी. महापौर नेमणूक करतो, पण कलावंतांसाठीच्या जागा भरताना त्याला कलासंस्थांच्या महासंघाने दिलेल्या यादीतून निवडावे लागते. सत्तेला शेवटचा शब्द, पण मनमानीला वाव कमी. शतकाहून जास्त काळ टिकलेली ही युक्ती साधी आहे आणि कोणत्याही महापालिकेला पेलणारी आहे.

आपल्याकडे हा विषय परका नाही. दिल्लीत नागरी कला आयोगासाठी संसदेने १९७३ मध्ये कायदा केला. मुंबईत १९९५ मध्ये वारसा वास्तूंसाठी नियम आले, देशात पहिल्यांदाच, आणि त्यांतून मुंबई वारसा संवर्धन समिती उभी राहिली. सूचीतली वास्तू पाडण्याआधी किंवा तिच्यात बदल करण्याआधी पालिका आयुक्तांनी या समितीचे मत घ्यायचे असते. समितीत वास्तुरचना, संरचना अभियांत्रिकी, इतिहास, पर्यावरण यांतले जाणकार असावेत आणि त्यांच्याकडे ठरावीक वर्षांचा अनुभव असावा, अशी नियमांची अपेक्षा. या समितीमागचे काम मोलाचे आहे. व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंच्या परिसराला २०१८ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली, त्याची पायाभरणी अशाच नियमांनी आणि त्यांसाठी झटलेल्या नागरिकांनी केली होती.

पण अनुभवाची वर्षे मोजून माणसाची स्वतंत्र बुद्धी मोजता येत नाही. मुंबईत आराखडा रचणारा आर्किटेक्ट वेगळा आणि पालिकेत फाईल हलवून आयओडी, सीसी, ओसी अशा बांधकामाच्या परवानग्या मिळवून देणारा लायझनिंग आर्किटेक्ट वेगळा, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. नियमावली दुसऱ्याला तोंडपाठ असते. पण त्याचा रोजचा व्यवहार ज्या दालनांशी चालतो, त्याच दालनांविरुद्ध मत देण्याची वेळ आली तर तो काय करेल? आणि समितीचा शब्द थेट लोकांच्या घरापर्यंत पोहोचतो. २०१२ मध्ये सुधारित वारसा यादीत शिवाजी पार्क परिसराचा समावेश प्रस्तावित झाला, तेव्हा तिथल्या रहिवाशांना आपल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची काळजी लागली आणि मोठा विरोध उभा राहिला. त्या वादात दोन्ही बाजूंना दम होता. मैदानाभोवतीची ठेंगणी, एकसंध वस्ती जपण्याजोगी आहे, आणि लिफ्ट नसलेल्या गळक्या इमारतीत म्हातारपण काढणाऱ्याची अडचणही खरी आहे. अशा वेळी निर्णय कोणताही लागो, तो देणाऱ्याचा कोणाशी व्यवहार नाही एवढी खात्री लोकांना हवी असते. ती नसेल तर जतनाचा प्रत्येक आग्रह कोणाच्या तरी फायद्याचा वाटतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. धंद्यात नसलेला माणूस आणला तर त्याला पोलादाचा भाव, एफएसआयचे गणित, पार्किंगची सक्ती कळणार नाही आणि तो हवेत बोलेल. धोका खरा आहे. म्हणून व्यवसाय करणाऱ्यांना बंदी घालावी असे मी म्हणत नाही. निवृत्त आर्किटेक्ट, वास्तुशास्त्र महाविद्यालयांतले हाताने काम केलेले शिक्षक, त्या शहरात प्रकल्प न घेणारे शेजारच्या शहरातले व्यावसायिक असे पुष्कळ पर्याय आहेत. व्यवसाय चालू असलेल्याला नेमायचेच असेल, तर त्याने आपल्या ग्राहकांची यादी दरवर्षी जाहीर करावी. वास्तुविशारद परिषदेच्या १९८९ च्या व्यावसायिक वर्तन नियमांनुसार हितसंबंधांचा पेच आला तर आर्किटेक्टने बाजूला व्हायचे किंवा तो उघड करायचा असतो. शहराने एवढेच मागणे अवास्तव नाही.

निवडीची परीक्षाही सोपी करता येईल. उमेदवाराकडे कामांचा अल्बम मागू नका. एखाद्या जुन्या, मंजूर झालेल्या प्रकल्पाचे नकाशे द्या आणि एका पानात अभिप्राय लिहायला सांगा. अभिप्राय लिखित तत्त्वांना धरून आहे का, पदपथावरून चालणाऱ्याचा, चाकाच्या खुर्चीत बसलेल्याचा विचार त्यात आहे का, अर्जदाराला पुढे काय करावे हे त्यातून कळते का, ते पाहा. 'मी असे केले असते' हे वाक्य दोनदा आले तर पुढचा उमेदवार बोलवा. मुदत ठरलेली ठेवा, सलग दोनपेक्षा जास्त वेळा तीच व्यक्ती नको. आणि प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त, कोणी काय मत दिले यासह, लोकांपुढे ठेवा.

यातली एकही गोष्ट खर्चिक नाही. नाशिक, कोल्हापूर, पुणे, नागपूर, कोणत्याही शहरातल्या नागरिकांनी आपल्या पालिकेला तीन प्रश्न लेखी विचारावेत: समितीवरचे आर्किटेक्ट कोण आहेत, त्यांना कोणत्या निकषावर नेमले, आणि त्यांचे चालू प्रकल्प कोणते. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. आणि स्वतःच्या शहराबद्दल कळवळा असलेल्या आर्किटेक्टांनी पुरस्काराच्या अर्जाइतक्याच उत्साहाने या खुर्चीचाही अर्ज भरावा. चांगली माणसे पुढे आली नाहीत, तर ती खुर्ची रिकामी राहणार नाही. तिच्यावर दुसरे कोणीतरी बसेल, आणि त्याने मंजूर केलेली भिंत आपल्या दारासमोर पन्नास वर्षे उभी असेल.