नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

पोराचं नाव काय ठेवावं, हा काय लेख लिहायचा विषय झाला? असं काही कार्यकर्ते म्हणतील. गायरानाचा प्रश्न पडलाय, शिष्यवृत्त्या अडकल्यात, पोरं बेकार फिरताहेत, आणि हा बारशाच्या घुगऱ्या वाटत बसलाय. म्हणू द्या. मला हा प्रश्न त्या प्रश्नांच्याच घरातला वाटतो. माणूस जगात येतो तेव्हा त्याला न विचारता दोन गोष्टी चिकटवल्या जातात. एक जात, दुसरं नाव. पहिलीशी आपण भांडतो. दुसऱ्याचा विचार तरी करू.

आपली मराठी मोठी बेरकी. पोराला नाव ठेवतात आणि लोकाला नावं ठेवतात. मधे फक्त एका अनुस्वाराचं अंतर. गावगाड्यानं आमच्यासाठी तेवढंही अंतर ठेवलं नव्हतं. आमचं नाव ठेवणं म्हंजेच नावं ठेवणं होतं.

मनुस्मृतीनं दुसऱ्या अध्यायात हा बंदोबस्त करून ठेवलाय. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असं. शूद्राची ही गत, तर वेशीबाहेरच्याला विचारतो कोण? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जी पोथी जाळली, तिच्यात हाही श्लोक होता.

आमच्या वस्तीतली मागच्या पिढ्यांची नावं घ्या. कचरू, धोंडू, दगडू, उकिर्डा, भिकी, नकुशी. माझ्या आज्याचं नाव यातलंच एक. कुणी म्हणेल, त्यात जातीचा काय संबंध? मुलं जगत नव्हती, म्हणून आईबाप मुद्दाम वंगाळ नाव ठेवायचे, की मरणाची नजर पडू नये. खरंय. पण ही रीत वरच्या आळीतही होती. धोंडो केशव कर्व्यांचं नाव धोंडोच होतं. त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळालं, जग त्यांना महर्षी म्हणालं, अण्णा म्हणालं. म्हणजे दोष धोंड्यात नाही. धोंडोमधला 'ओ' त्यांच्या वाट्याला गेला आणि धोंड्यामधला 'या' आमच्या. नाव तेच, शेवटच्या अक्षरात सगळी वर्णव्यवस्था. भागीरथीची त्यांच्यात भागीरथीबाई व्हायची, आमच्यात भागी.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ नंतर जे घडलं, ते मला नुसत्या धर्मांतराइतकंच मोठं वाटतं. बारशाला पंचांग बघणं सुटलं. वस्त्यावस्त्यांत सिद्धार्थ, राहुल, आनंद, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा जन्माला आले. १९७२ ला पँथर आली, मग पाळण्यात समता, क्रांती, संघर्षही निजू लागले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'मुक्ती कोन पथे?' या भाषणातच सांगितलं होतं, की नुसतं वरवरचं नाव बदलून भागत नाही, धर्मांतर हेच खरं नामांतर. लोकांनी ते पाळण्यापर्यंत नेलं.

यावर लोकांचं काय म्हणणं पडलं? आधी हसले. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण त्यांच्याकडे तयारच होती. गरिबानं चांगलं नाव घेतलं की हसायचं, हे त्या म्हणीचं सारं शहाणपण. आता तसं उघड हसत नाहीत. आता पायऱ्या असतात. "अय्या, किती वेगळं नाव! बंगाली का?" मग, "अर्थ काय हो याचा?" मग, "आडनाव?" आडनावावरून उमगलं नाही तर, "मूळ गाव कुठलं?" आणि शेवटी एक "हं". त्या 'हं'मध्ये चौकशी संपते आणि वागणूक सुरू होते. राहुल, मिलिंद, सुजाता ही नावं पुढं सगळ्यांनीच घेतली. बरं झालं. पण नाव सगळ्यांचं झालं की खोदकाम आडनावापाशी सुरू होतं.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक फक्त नावाचा. दलित नावाच्या अर्जाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा कमी निघाली, मुसलमान नावाला त्याहून कमी. कुमुद पावडे यांनी 'अंतःस्फोट'मध्ये लिहून ठेवलंय, की संस्कृत शिकलेल्या कुमुद सोमकुवरला जी नोकरी मिळत नव्हती, ती आंतरजातीय लग्नानंतर पावडे आडनावाला मिळाली. बाई तीच, विद्या तीच. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या नावातच ही सगळी कहाणी आहे.

आता खरा पेच. माझ्या पुतण्याला मुलगी झाली. त्याला नाव ठेवायचं होतं संघमित्रा. सूनबाई अडून बसली. मला म्हणाली, "काका, टाळ्या तुम्हाला मिळतील, मुलाखतीला ती बसंल. खोली बघायला गेलो तेव्हा काय झालं, विसरलात? भाडं ठरलं, अनामत ठरली, आणि नाव सांगितल्यावर मालकाचा भाचा गावाहून राहायला आला. हे तिच्या कपाळी आपणच का लिहायचं?"

या बाईला भित्री म्हणणं सोपंय. मी म्हणणार नाही. कारण तिच्या बोलण्यात एक प्रश्न आहे, आणि तो आपल्याच चळवळीतून आलेला आहे. गांधींनी आपल्याला 'हरिजन' म्हटलं. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात ते नाव कायद्यात घालायचं ठरलं, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष सभागृहाबाहेर पडला. का? नाव दिसायला तर गोड होतं. पण ज्यांना ते द्यायचं त्यांचं मत विचारात घेतलं नाही. मग पाळण्यातल्या पोरीला तरी आपण कुठं विचारतो? तिच्या कपाळावर आपला झेंडा लावायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

मी यावर बरेच दिवस विचार केला. मला नागसेनाचा आधार सापडला. मिलिंद राजानं त्याला विचारलं, भदंत, तुमचं नाव काय? भिक्खू म्हणाला, लोक मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं संबोधन आहे, त्या नावाचा कुणी कायमचा 'पुरुष' आत बसलेला नाही. मग केस, नखं, दात एकेक करून तपासलं, रथाचं चाक, आस, जू तपासलं. नागसेन कशात सापडला नाही, रथही कशात सापडला नाही. तर नाव ही व्यवहाराची सोय.

कुणी म्हणेल, बघा, तुमचा बुद्धच म्हणतो नावात काही नाही. उलट आहे. हीच तपासणी जातीला लावा. केसात महार सापडतो का? नखात मांग, रक्तात चांभार? नाही. जात हेही माणसानं माणसाला दिलेलं नावच. ते देवानं दिलेलं असतं तर भांडण संपलं होतं. माणसानं दिलंय, म्हणून बदलता येतं. औरंगाबादला बाबासाहेबांनी कॉलेज उभं केलं, त्याला मिलिंदाचं नाव आणि परिसराला नागसेनाचं. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंही तिथं शेजारी ठेवले. त्याच शहरातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव जुलै १९७८ मध्ये झाला, तर मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या. 'नावात काय आहे?' असं आम्हाला ऐकवणारे तेच नाव द्यायला सोळा वर्षं तयार नव्हते. १४ जानेवारी १९९४ ला झाला तो नामविस्तार.

तर मुलीच्या नावाबद्दल माझं म्हणणं असं. हरिजन म्हणणारा आणि मुलीला नाव ठेवणारा बाप, यांत फरक आहे. पहिला नाव देऊन स्वतः वर उभा राहतो. बाप तिच्यासोबत त्या नावाचं ओझं वाहतो. पण वाहिलं पाहिजे, हे महत्त्वाचं. सभेपुरतं संघमित्रा म्हणायचं आणि पोरगी शाळेतून रडत आली की मोर्च्याला निघून जायचं, हा बापपणा नव्हे. जो नाव ठेवतो, त्यानं त्या नावाची गोष्ट तिला सांगितली पाहिजे, आणि मोठी झाल्यावर तिला ते बदलावंसं वाटलं तर राजपत्रात बदलायची मोकळीक दिली पाहिजे. २०११ साली साताऱ्यात नकुशा नावाच्या दोनशेवर मुलींची नावं बदलली, काहींनी आपली नवी नावं आपणच निवडली. तो त्यांचा हक्कच होता.

पुतण्यानं आणि सूनबाईनं शेवटी मैत्री हे नाव ठेवलं. बुद्धाच्या शिकवणीतला शब्द, ऐकणाऱ्याला खटकतही नाही. आमच्या एका कार्यकर्त्या मित्रानं लगेच शेरा मारला, "मिळमिळीत. घाबरले." दोस्तहो, हे बोलणं मला मालकाच्या त्या 'हं'पेक्षा फार लांबचं वाटत नाही. दोघंही नाव ऐकून माणसाचा निकाल लावतात. ज्या आईनं लेकीला साधं नाव ठेवलं, तिनं चळवळ बुडवली नाही. तिला तसं करणं भाग पडावं अशी परिस्थिती ज्यांनी ठेवली, दोष त्यांचा. आपली लढाई विचारणाऱ्याशी आहे, नाव ठेवणाऱ्या आईशी नाही.

तेव्हा पुढच्या शिबिरात एक तास या विषयाला द्या. कुणी "पूर्ण नाव?" विचारलं, तर उत्तराआधी "कशासाठी?" हे विचारायला पोरापोरींना शिकवा. नोकरी देताना, खोली देताना, शाळेत घेताना या प्रश्नाची गरज काय, हे त्या माणसाला तोंडानं सांगावं लागू द्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आता बापाच्या आधी आईचं नाव येतं. शेकडो वर्षं जे कुणाला सुचलं नाही, ते एका निर्णयानं झालं. आडनावाचंही एक दिवस होईल. तोवर मैत्री असो, संघमित्रा असो की क्रांती, पोरीला हाक पूर्ण नावानं मारा. शेवटच्या अक्षराचा 'या' किंवा 'ई' करून नको.