सड्याला किती गुण?

निसर्गाच्या दृष्टीने कोणती जमीन किती मोलाची, हे ठरवण्याचे काम आज उपग्रहाची छायाचित्रे आणि संगणक करतात. त्यामुळे क्रम जमिनीतच असतो, आपण तो फक्त मोजून काढतो, असा समज सहज होतो. गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव वेगळा आहे. दर वेळी मोजपट्टी बदलली आणि काल टाकाऊ ठरलेली जमीन आज मानाच्या यादीत जाऊन बसली. क्रम लावणे टाळता येत नाही, हे खरे. पण यादीतला तळाचा क्रमांक म्हणजे त्या जमिनीचे काहीही करायला मिळालेली परवानगी नव्हे, एवढा धडा या इतिहासातून नक्की घेता येतो.

ब्रिटिशांच्या १८७८च्या वन कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी प्रतवारी केली. ही प्रतवारी प्रामुख्याने लाकडाच्या आणि महसुलाच्या हिशेबाने झाली. रेल्वेचे स्लीपर आणि इमारती लाकूड देणारे रान सरकारजमा झाले. स्वातंत्र्यानंतर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३चा व्याघ्र प्रकल्प आला, तेव्हा मोलाची खूण बदलली. आता वाघ असलेले रान पहिले. सुरुवातीच्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते ते त्यामुळेच. पण लाकूड मोजा की वाघ, दोन्ही हिशेबांत सह्याद्रीच्या कातळसड्याला, म्हणजे उघड्या खडकाच्या पठाराला, शून्यच मिळते. साताऱ्याजवळचे कासचे पठार एप्रिलमध्ये पाहिले तर उघडा जांभा आणि वाळलेले गवत, याखेरीज फारसे काही दिसत नाही. पावसाळ्यात याच कातळावरच्या बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवे फुलतात. या मातीत नत्र इतके तुटपुंजे, की सीतेची आसवे पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या पिशव्यांत पकडून आपली गरज भागवतात. म्हणजे जी नापीक अवस्था महसुली हिशेबात दोष ठरते, तीच या वनस्पतींच्या अस्तित्वाची अट आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे युनेस्कोच्या जागतिक वारशात गेली, त्यात कास होते. पठार तेच होते. त्याला विचारलेला प्रश्न बदलला होता.

हा प्रश्न नीट मांडण्याचा एक मोठा प्रयत्न ब्रिटनमध्ये डेरेक रॅटक्लिफ यांनी १९७७मध्ये केला. क्षेत्राचा आकार, विविधता, दुर्मीळता, नाजूकपणा, नैसर्गिकता असे दहा निकष त्यांनी पुढे ठेवले. मात्र कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे, हे शेवटी जाणकाराच्या विवेकावरच राहिले. नॉर्मन मायर्स यांनी १९८८पासून जगाच्या नकाशावर हाच विचार अधिक कठोरपणे लागू केला. त्यांनी सहकाऱ्यांसह २००० साली निश्चित केलेल्या पंचवीस क्षेत्रांसाठी दोन अटी होत्या: तिथे किमान दीड हजार प्रदेशनिष्ठ, म्हणजे अन्यत्र कुठेही न आढळणाऱ्या, वनस्पती असाव्यात आणि मूळ नैसर्गिक वनस्पती-आवरणापैकी निदान सत्तर टक्के नष्ट झालेले असावे. उरलेले आवरण पृथ्वीच्या जमिनीच्या अवघे १.४ टक्के, त्यात जगातल्या ४४ टक्के वनस्पती. पश्चिम घाट आणि श्रीलंका या यादीत होते. इथे मोलाच्या कल्पनेत धोका प्रथमच इतक्या ठळकपणे शिरला. श्रीमंत असणे पुरेसे नव्हते, संकटात असणेही आवश्यक ठरले.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात मार्ग्यूल्स, प्रेसी आदी संशोधकांनी क्रमवारीच्या मुळावरच बोट ठेवले. समजा, एका जमिनीवर दहा जाती आहेत, दुसरीवर नऊ आणि तिसरीवर दोनच. गुणांप्रमाणे पहिल्या दोन निवडाव्या. पण दुसरीवरच्या नऊही जाती पहिलीवर असतील आणि तिसरीवरच्या दोन अन्यत्र कुठेच नसतील, तर शहाणी निवड पहिली आणि तिसरी हीच. अकरा उत्तम फलंदाज घेऊन क्रिकेटचा संघ होत नाही, तसेच हे. याचा अर्थ असा, की जमिनीचे मोल एकट्या जमिनीत नसते. बाकी काय वाचले आहे, यावर ते ठरते. शेजारचे रान तुटले की काल सामान्य वाटणारा तुकडा आज अमूल्य होतो.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने २०११मध्ये पश्चिम घाटाचे सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडले. प्रदेशनिष्ठ जाती, सलग वन, उंची, उतार अशा घटकांना एक ते दहा गुण दिले आणि त्यावरून तीन संवेदनशील विभाग सुचवले. यातला कळीचा निर्णय असा, की क्रम प्रत्येक राज्यात स्वतंत्र लावला. संपूर्ण घाटाची एकच यादी केली असती, तर केरळ-कर्नाटकाच्या ओल्या सदाहरित वनांपुढे आपला उत्तरेकडचा सह्याद्री तळाला गेला असता. तोलायचे कोणाशी, हे आधी ठरते; गुण नंतर येतात. पुढे याच प्रश्नाचा फेरविचार करणाऱ्या कस्तुरीरंगन समितीने २०१३मध्ये जास्त बारकाईची उपग्रह छायाचित्रे वापरली, वस्तीचा आणि शेतीचा भाग वेगळा काढला आणि घाटाचे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील मानले. नजर बारीक झाली, पण पट्टीही बदलली: दाट वस्ती आणि तुटक रान यांचे वजन आता उलट दिशेने पडले. गावालगतची एखाद्या एकराची देवराई अशा गणितात सहज निसटते. याच देवरायांचे महत्त्व गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकातच मांडले होते.

यावर पहिला आक्षेप असा, की मोजपट्टी इतकी चंचल असेल तर गुण देण्याचे नाटक कशाला. सगळीच जमीन मोलाची माना. ऐकायला हे उदार वाटते, व्यवहारात घातक ठरते. क्रम नसला म्हणून खाणीचे आणि रस्त्याचे निर्णय थांबत नाहीत. मग संरक्षणाच्या वाट्याला येते ती कोणालाच नको असलेली, चढणीची, दुर्गम जमीन. आणि आकड्यांचा एक गुण नाकारता येत नाही: ते उघड असतील तर त्यांच्याशी भांडता येते. दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा आणि उद्योजकाचाही आहे. क्रम सारखा बदलू लागला, तर माणसाने घर कुठे बांधायचे, भांडवल कुठे घालायचे? चिंता रास्त आहे, पण अनिश्चितता वरून लादलेल्या यादीनेही आलीच. २०१४पासून संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदेच निघत राहिले. जुलै २०२४मध्ये सहावा निघाला. उलट सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव आपणहून गाडगीळ गटाकडे दिले होते. ज्या क्रमात गावाचा शब्द असतो, तो क्रम टिकण्याची शक्यता जास्त.

म्हणून प्रत्येक यादीबरोबर तीन गोष्टी छापल्या पाहिजेत: कोणते निकष वापरले, त्यांना किती वजन दिले आणि कोणत्या भागाची माहितीच हाती नव्हती. शून्य गुण आणि न तपासलेली जागा यांचा रंग नकाशावर एक असता कामा नये. ठरावीक वर्षांनी फेरतपासणी व्हावी आणि तीत ग्रामसभेला पुरावा देऊन गुण बदलून घेण्याचा हक्क असावा. वरचा क्रमांक मिळालेल्या जमिनीला संरक्षण द्यायला आजची माहिती पुरते. खालचा क्रमांक मिळालेली जमीन खोदायची, तर मात्र खोदणाऱ्याने त्या जागेवर पावसाळ्यासह सर्व ऋतूंत पाहणी करून मगच परवानगी मागावी. पुराव्याचे ओझे त्याच्यावर असावे, कारण चुकलेला गुण पुढच्या आवृत्तीत सुधारता येतो, फोडलेला सडा नाही.