चित्रकथेतील देवाचा कर्ता कोण?
अनंत पै यांनी १९६७ साली मुंबईत सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथा’ मालिकेतील ‘कृष्ण’ राम वाईरकर यांनी रेखाटला. चित्रकथेत लेखक प्रसंगांची चौकटवार विभागणी करून संवाद लिहितो आणि चित्रकार त्यांना रूप देतो. कृष्णाने गोवर्धन उचलला, एवढे लिहून शब्द मोकळा होतो. पर्वत केवढा, करंगळीवर भार दिसावा की नाही, गोपांच्या डोळ्यांत भय असावे की विश्वास, हे रेषेलाच ठरवावे लागते. म्हणजे चित्रकार कथेचा अर्थही लावतो. मात्र सावळा-निळा वर्ण, मोरपीस, पीतांबर या खुणा परंपरेच्या. त्या सोडल्या तर वाचक देवाला ओळखणार नाही. त्यामुळे या रूपाचे कर्तृत्व लेखक, चित्रकार आणि परंपरा यांच्यात विभागलेले असते. एकट्याचे कोणाचेच नसते.