शोभेचे पाणी, तहानेचे पाणी

मराठीत कारंजे वेगळे आणि पाणपोई वेगळी. कारंजे पाहायचे असते, पाणपोईवर पाणी प्यायचे असते. एकाचा संबंध बागेशी, वाड्याशी, उत्सवाशी. दुसरीचा उन्हाशी, वाटसरूशी आणि पुण्यसंचयाशी. इटालियन भाषेने हा भेद मानलेला नाही. 'फोंताना' हा मूळच्या झऱ्यापासून आलेला एकच शब्द रोमच्या चौकातील सव्वीस मीटर उंचीच्या शिल्परचनेलाही लागतो आणि त्याचेच लघुरूप गल्लीच्या कोपऱ्यावरील लोखंडी नळालाही. इंग्रजीतील 'फाउंटन'चेही तसेच. ज्या भाषांनी शोभेचे पाणी आणि तहानेचे पाणी एकाच शब्दात ठेवले, त्यांनी अभावितपणे एक नैतिक प्रश्नही जिवंत ठेवला आहे. मराठी भाषकाला मात्र तो मुद्दाम उभा करावा लागतो.

प्रश्न असा की परक्या शहरात गेलेला प्रवासी कारंजी पाहत हिंडतो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो? देवळात तो निदान हात जोडतो, संग्रहालयात तिकीट काढतो. कारंज्यापाशी बहुधा त्याच्याकडून कसलीच अपेक्षा नसते. ते उघड्यावर असते, सर्वांचे असते, निदान तसे म्हटले जाते. आणि 'सर्वांचे' ह्या शब्दाचा अर्थ शहरोशहरी, शतकाशतकाला किती निराळा झालेला आहे!

रोममधील ट्रेव्हीचे कारंजे घ्यावे. निकोला साल्वीच्या आराखड्यानुसार 1732 मध्ये काम सुरू झाले, साल्वी 1751 मध्ये वारला आणि 1762 मध्ये ते पुरे झाले. त्याचे पाणी मात्र फार जुने; इ. स. पूर्व 19 मध्ये अग्रिप्पाने शहरात आणलेल्या कालव्याशी त्याची परंपरा जोडलेली आहे. कारंज्याच्या दर्शनी भागावर, वरच्या बाजूस, एक उठावशिल्प आहे: तहानलेल्या सैनिकांना एक कुमारिका झऱ्याची जागा दाखवीत आहे. म्हणजे शोभेचा हा सगळा डोलारा ज्या प्रसंगावर उभा आहे, तो प्रसंग तहानेचा आहे. खाली जमलेल्यांपैकी त्या शिल्पाकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. बहुतेकांची पाठ कारंज्याकडे असते, कारण प्रथेप्रमाणे नाणे खांद्यावरून मागे टाकायचे असते. ही नाणी नियमितपणे वेचली जातात आणि गरजूंसाठी काम करणाऱ्या कॅथलिक संस्थेकडे जातात, ही गोष्ट चांगलीच. तरीही नाणे टाकणारा ते कोणा भुकेल्यासाठी टाकीत नसतो. आपल्याला पुन्हा रोमला येता यावे म्हणून टाकीत असतो. त्याच्या नकळत त्याच्या हातून दान घडते, इतकेच. दुरुस्तीनंतर 2024 च्या डिसेंबरात तेथे एका वेळी चारशे माणसांचीच मर्यादा घालावी लागली, ह्यावरून ह्या नकळत घडणाऱ्या दानाचा आवाका ध्यानी यावा.

ट्रेव्हीपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे कारंजे पियात्सा नावोना ह्या चौकात आहे. बर्निनीने 1651 मध्ये पुरे केलेल्या ह्या रचनेत चार खंडांतील चार नद्या पुरुषरूपाने बसलेल्या आहेत: डॅन्यूब, नाईल, ला प्लाता आणि गंगा. नाईलचे डोके वस्त्राने झाकलेले आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपास अज्ञात होता. गंगेच्या हाती लांब वल्हे आहे. ती नौकानयनास योग्य, एवढेच त्या शिल्पशाळेला तिच्याविषयी सांगायचे होते. भारतीय प्रवाशाला हा दाढीवाला गंगापुरुष पाहून प्रथम हसू येते. ज्या नदीला तो जन्मभर आई म्हणत आला, ती येथे स्नायू पिळदार झालेला म्हातारा होऊन बसलेली असते.

पण हसू ओसरल्यावर ह्या कारंज्याचा जमाखर्च पाहावा लागतो. पोप दहावा इनोसन्ट ह्याच्या पाम्फिली घराण्याचा राजवाडा ह्याच चौकात आहे. कारंजे उभे राहत होते तेव्हा शहरात धान्याची टंचाई होती, आणि खर्चासाठी जे कर बसले त्यांत पावावरचा कर होता. रोमच्या लोकांनी निनावी चिठ्ठ्या चिकटवून आपला संताप व्यक्त केला. आम्हांला दगड आणि कारंजी नकोत, पाव हवा, असा त्यांचा आशय होता. हे लोक पाण्याच्या नव्हे, अन्नाच्या भुकेने ओरडत होते. आणि त्यांच्यापुढे पाणी उडत होते.

आज साडेतीनशेहून अधिक वर्षांनी त्या चौकात उभा राहणारा मनुष्य ह्या हकिकतीचे काय करील? दोन सोयीची उत्तरे तयार असतात. एक म्हणते, ज्याच्या पायात भुकेल्यांचा घास चिणला आहे त्याला सुंदर म्हणणे पाप आहे. दुसरे म्हणते, कर देणारे गेले, घेणारेही गेले; उरली ती कला, आणि कलेला हिशेब विचारू नये. पहिले उत्तर वरवर कठोर दिसते, पण ते प्रवाशाला फार स्वस्तात मोकळे करते. एक नि:श्वास टाकून तो पुढच्या चौकाकडे जाऊ शकतो. शिवाय ह्या न्यायाने अजिंठ्यापासून शनिवारवाड्यापर्यंत काय शिल्लक उरेल, ह्याचा विचार त्यात नाही. दुसरे उत्तर तर सरळच लबाड आहे. काळाने कर्ज फिटत नाही, फक्त सावकार ओळखू येईनासे होतात. खरे पाहता ती चिकटवलेली निनावी चिठ्ठी हा त्या कारंज्याचाच एक भाग आहे. बर्निनीच्या नद्या पाहायच्या आणि ती चिठ्ठी पाहायची नाही, हे निम्मेच पाहणे झाले. सौंदर्य त्यामुळे कमी होत नाही. पाहणाऱ्याचे समाधान मात्र कमी होते, आणि ते व्हायलाच हवे.

रोमने आपल्या बाजूने ह्या हिशेबाची एक वेगळीच नोंद केलेली आहे. शहरात सुमारे अडीच हजार ओतीव लोखंडी नळ आहेत. 1874 पासून ते बसवले जाऊ लागले, आणि त्यांच्या वाकड्या तोटीमुळे लोक त्यांना 'नासोने', म्हणजे 'मोठे नाक', असे म्हणतात. त्यांचे पाणी अखंड वाहत असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या लहान भोकातून धार उसळते आणि भांड्यावाचून पिता येते. येथे ना पोपचे नाव, ना घराण्याचे चिन्ह. लोखंडावर असतात ती नगराची चार अक्षरे. ह्या नळांमागचा विचार दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. वास्तुविद् विट्रुव्हियसने शहराच्या जलकुंडातून तीन वाटा काढण्यास सांगितले: एक सार्वजनिक कुंडांसाठी आणि कारंज्यांसाठी, दुसरी स्नानगृहांसाठी, तिसरी खाजगी घरांसाठी. रचना अशी की उरलेल्या दोन वाटांचे जास्तीचे पाणी सार्वजनिक वाटेकडे वळावे, आणि त्या वाटेचे पाणी दुसऱ्या कोणाला तोडता येऊ नये. रस्त्यावरच्या माणसाची तहान आधी. श्रीमंताचे अंगण नंतर. साम्राज्य क्रूर होते, गुलामांच्या श्रमावर उभे होते, हे खरेच. तरी ह्या एका ठिकाणी त्याची नीती आजच्या पुष्कळ नगरांना लाजवील अशी होती. 2017 च्या दुष्काळात ह्याच रोममध्ये टप्प्याटप्प्याने जे बंद करण्याचे ठरले, ते रस्त्यावरचे हे नळ. जुन्या जलवाहिन्यांतून गळणाऱ्या पाण्याच्या मानाने त्यांचे पाणी अत्यल्प होते. परंतु गळती दिसत नाही आणि वाहता नळ दिसतो. विट्रुव्हियसचा क्रम उलटला, तो असा.

नळाला दाता नसतो, ही त्याची मोठीच गोष्ट. एकोणिसाव्या शतकातील युरोपात दाता मात्र पुन्हा हजर झाला. लंडनमध्ये 1859 साली मोफत पिण्याच्या पाण्यासाठी संस्था निघाली. पटकीच्या साथींनी पाण्याची भीती बसली होती, आणि गरिबाने पाण्याअभावी गुत्त्याकडे वळू नये हाही हेतू होता. साखळीने बांधलेल्या पेल्याशेजारी धर्मवचने कोरलेली असत. पाण्याबरोबर उपदेशाचाही घोट घ्यावा लागे. पॅरिसला वेढ्यानंतर, 1872 मध्ये, रिचर्ड वॉलेसने दिलेली हिरवी कारंजी अधिक ऋजू आहेत. चार स्त्रिया छत डोक्यावर घेऊन उभ्या आहेत आणि त्यांच्या मधून पाण्याची धार पडते. त्यांचे साखळीचे पेले आरोग्याच्या कारणास्तव 1952 मध्ये काढून टाकले गेले. धार राहिली, पेला गेला.

भारतीय परंपरेने ह्या दात्याविषयी फार खोल विचार केलेला आहे. यज्ञ हे इष्ट, तर विहीर, तळे, पाणपोई हे पूर्त. आणि पूर्ताला 'उत्सर्गा'ची जोड हवी. महामहोपाध्याय काणे ह्यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'त ह्या विधीचा परामर्श घेतला आहे. उत्सर्ग म्हणजे सोडणे. तळे बांधणारा ते सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून देतो, त्यावरचे त्याचे स्वामित्व संपते. पुढे तो स्वतः त्याचे पाणी पितो ते मालक म्हणून नव्हे, सर्वांपैकी एक म्हणून. दात्याने दानातून स्वतःला इतके पूर्णपणे बाजूला काढून घ्यावे, ही कल्पना जगातील कोणत्याही नीतिविचारात उठून दिसावी.

आणि तरीही. त्या 'सर्वां'त कोण होते? चैत्र लागला की पाणपोई बसे. माठ ओळीने मांडले जात, ओंजळीत वरून धार धरली जाई. ओंजळ कोणाची, हे आधी पाहिले जाई. ओतणारा हात होता म्हणूनच विचारणारे तोंड होते. तळ्याला हात नव्हता, तोंड नव्हते. पण काठावर माणसे होती. 1868 मध्ये जोतीराव फुले ह्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी धर्मशास्त्राने सांगितलेला उत्सर्गच खऱ्या अर्थाने केला, असे म्हणायला हरकत नाही. फक्त शास्त्राचे अभिमानी त्यांच्या बाजूला नव्हते. पुढे 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ह्यांचा ठराव झाला, 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. कागदावर ते सर्वांचे झाले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या मागोमाग हजारो माणसे त्या पाण्यापर्यंत गेली आणि प्यायली, तेव्हा 'सर्वांचे' ह्या शब्दाची प्रथमच परीक्षा झाली. तीत महाडचे सवर्ण नापास झाले. जे तळे गुराढोरांनी बाटत नव्हते, ते माणसांनी बाटले असे मानून एकशे आठ घागरींनी त्याची शुद्धी केली गेली. उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय यायला 1937 उजाडावे लागले.

हे स्मरण बाळगून एखादा मराठी प्रवासी रोमच्या गल्लीत त्या लोखंडी नाकापुढे वाकतो, तेव्हा त्याला होणारा आनंद केवळ गार पाण्याचा नसतो. कोणी नाव विचारलेले नसते. ह्या देशातील रेल्वे स्थानकांवर एके काळी हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी अशा दोन आरोळ्या उठत. यंत्राच्या नळाला आरोळी देता येत नाही, हा त्याचा गुण. माणसाच्या हातून मिळणाऱ्या पाण्यातील जिव्हाळा त्यात नाही, अशी तक्रार काही ललितलेखक हळहळून करतात. ती करणाऱ्यांना तो जिव्हाळा बहुधा नेहमीच मिळत आलेला असतो.

परंतु नळाची ही निर्विकारता टिकवणे सोपे नाही. बाटलीबंद पाण्याने ती पुष्कळ ठिकाणी गिळली आहे. बाटलीही जात विचारीत नाही, पण किंमत सांगते. आणि जो प्रवासी बाटली घेऊन हिंडतो त्याला शहराकडे पाणी मागण्याची वेळच येत नाही. मग कारंजे त्याच्यापुरते केवळ दृश्य उरते. मुंबईत हे फार स्पष्ट दिसते. 1864 चे फ्लोरा फाउंटन आरंभापासून शोभेचेच होते. त्याच्या परिसराला हुतात्म्यांच्या रक्ताने निराळा अर्थ दिला, आणि 2019 मध्ये जीर्णोद्धारानंतर ते पुन्हा उजळले. त्याच कोट भागात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रतनसी मूलजी जेठा ह्यांनी अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ बांधलेले कारंजे आहे. शहरात इतरत्र गुजराती, कच्छी, पारशी व्यापाऱ्यांच्या दगडी पाणपोया आहेत. काहींना खाली जनावरांसाठी कुंड, वर पक्ष्यांसाठी जागा. 'सर्व प्राणिमात्र' ह्या शब्दांचा इतका शब्दशः अर्थ क्वचितच कोणी दगडात उतरवला असेल. शोक, पुण्य आणि कीर्ती ह्यांची त्यात सरमिसळ आहे, आणि तिचा निवाडा करीत बसण्याचे कारण नाही.

ह्यांपैकी अनेक पाणपोया दीर्घकाळ कोरड्या होत्या; काहींची अलीकडच्या वर्षांत डागडुजी झाली. दगड घासणे, गेलेला कोपरा नव्याने घडवणे, हे काम अवघड असले तरी एकदा करून भागते. पाणी चालू ठेवायचे तर हौद वरचेवर धुवावा लागतो, तोटी बदलावी लागते, कोणी चोरून नेलेला पेला पुन्हा साखळीला अडकवावा लागतो, आणि पाणी पिण्याजोगे आहे की नाही हे पुन्हापुन्हा तपासावे लागते. हे करणाऱ्याचे नाव त्या शिळेवर नसते. असलेच तर कुठल्या तरी हजेरीपटावर असते.