समीकरणाची डावी बाजू

"गॅस संपला," असं आपण सहज म्हणतो. पण संपला म्हणजे गेला कुठं? सिलिंडरमधला १४.२ किलो गॅस जळतो, तेव्हा त्याचा कणही नाहीसा होत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होते. नुसता कार्बन डायऑक्साइडच ४० किलोंहून जास्त भरतो! दिसत नाही, एवढंच.

आचार्य समंतभद्रांनी 'आप्तमीमांसे'त सोन्याच्या घटाचा दाखला दिलाय. घट मोडून मुकुट केला. घट हवा होता तो रडला, मुकुट हवा होता तो हसला, सोनं पाहणारा शांत राहिला. उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य एकाच वेळी. फ्रान्सच्या लाव्हाझिएनी हेच बंद भांड्यात, तराजूनं तोलून दाखवलं. त्यांच्या १७८९ च्या ग्रंथातली उपकरणांची चित्रं पत्नी मारी-आन यांनी काढली. त्यांचं नाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे?

मुलांच्या पुस्तकात समीकरण जुळवायचा नियम असतो. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं. पण नुसतं मांडलं तर डावीकडं ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडं एकच. मग पाण्याच्या सूत्रात एक ऑक्सिजन वाढवला तर? हिशोब जुळतो, पण ते पाणी राहत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. म्हणून सूत्राला हात लावायचा नाही, रेणूंची संख्या बदलायची: दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी.

घरात मात्र आपण सूत्रच बदलतो. बाईच्या कष्टांना 'माया' म्हटलं की हिशोब मिटला! कष्ट काट्यावर चढत नाहीत, हे खरं. पण मुलांची वाढलेली हाडं, सासूबाईंची भरलेली जखम, पर्वातली पारणी, हे सगळं कुठून तरी आलेलंच असतं ना?

कुणी म्हणेल, "मी केलं, मी केलं" म्हणणं हा मान-कषाय. आपल्या धर्मात त्याग मोठा. कबूल. पण त्याग हा करणाऱ्यानं करायचा असतो. दुसऱ्यानं तो गृहीत धरला, तर तो त्याग नव्हे, चुकीचं समीकरण.

आणि हाच काटा आपल्याही हातात असतो, बरं का. रायापुरातल्या आपल्या स्वच्छ ओट्यामागं, वेळेवर झालेल्या सामायिकामागं भांडी घासणाऱ्या बाईची सकाळ असते. डावीकडं तिला आपण किती मांडतो?