सेवेचा उच्चार करावा काय?

आपल्या धर्मविचारात आत्मस्तुतीला कधीच मान मिळालेला नाही. ययाती राजा स्वपुण्याने स्वर्गाला गेला. परंतु तपश्चर्येत आपल्या बरोबरीचा कोणी नाही, असे त्याने इंद्रापुढे उच्चारले आणि तत्क्षणी त्याला स्वर्गातून खाली यावे लागले. महाभारताच्या कर्णपर्वात तर याहून मार्मिक प्रसंग आहे. वडील भावाचा अपमान केल्याच्या पश्चात्तापाने अर्जुन प्राण द्यावयास सिद्ध होतो, तेव्हा श्रीकृष्ण त्याला सांगतो की, तू स्वतःच्या गुणांचे स्वमुखाने वर्णन कर. तोच तुझा आत्मवध होय. केलेल्या दानाचा डांगोरा पिटला असता त्याचे फळ नष्ट होते, असा इशारा मनुस्मृतीनेही दिला आहे. अशा संस्कारांत वाढलेल्या मुलामुलींना आज विद्यापीठे सांगतात, "तुम्ही कोणाची काय सेवा केलीत ते लिहून पाठवा, म्हणजे तुम्हांला प्रवेश द्यावा की नाही ते आम्ही ठरवू." त्यांनी काय करावे?

ज्या विद्येच्या संदर्भात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहतो, ती व्यवसायोपचाराची, म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीची विद्या होय. येथे 'व्यवसाय' म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. सदऱ्याची गुंडी लावणे, घास तोंडापर्यंत नेणे, पत्र लिहिणे, देवपूजा करणे, असा ज्या ज्या कृतींनी माणसाचा दिवस भरलेला असतो, त्या सर्व कृती या शब्दात येतात. व्याधीने वा अपघाताने हिरावलेली कृती रुग्णाला पुन्हा साधावी, हे या शास्त्राचे प्रयोजन. ते आपल्याकडे रुजविले कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या एलिझाबेथ लंडी विवाहानंतर कमलाबाई झाल्या आणि १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी या विद्येची भारतातील पहिली शाळा काढली. १९५२ साली व्यवसायोपचारकांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या संस्थापक देशांत भारताचे नाव होते.

आज भारतात या विषयाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी आधी याच विषयाची पदवी लागते आणि बहुतांशी परीक्षेतील गुण पाहिले जातात. अमेरिकेत मात्र या पेशात शिरण्याची पहिली पात्रताच पदव्युत्तर पातळीची आहे. त्यामुळे मानसशास्त्रासारख्या विषयाचा पदवीधरही शरीररचना, शरीरक्रिया, संख्याशास्त्र असे काही विषय पुरे करून अर्ज करू शकतो. त्यासोबत शिफारसपत्रे मागतात, व्यवसायोपचारकाजवळ बसून किती तास काम पाहिले ते पुष्कळ ठिकाणी विचारतात आणि मुख्य म्हणजे एक आत्मनिवेदन मागतात. ही विद्या तुम्हांला का हवी, ते त्यात लिहावयाचे असते.

आता अशी कल्पना करू की, ग्वाल्हेर स्थानकाजवळच्या पडाव भागात एक मराठी कुटुंब राहते. पक्षाघाताने आजोबांचा उजवा हात निकामी झाला आहे. नातीने मानसशास्त्राची पदवी घेतली आहे आणि दोन वर्षे तिने आजोबांचे सर्व केले आहे. ती अर्जाचा मसुदा लिहिते: मी आजोबांना अंघोळ घातली, मी त्यांना भरविले, मी रात्री जागले. ते ऐकून आजी म्हणते, "घरच्या माणसाचं केलंस, ते का कागदावर मांडायचं? आणि तेही जागा मिळावी म्हणून?"

आजीचा हा आक्षेप जुन्या माणसाचा हट्ट म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. जी सेवा पुढे लाभाचे साधन म्हणून दाखविली जाते, ती करतानाही लाभावर दृष्टी होती काय, असा संशय त्या सेवेवर मागाहून पडतो. शिवाय आजोबांचे दुबळेपण ही त्यांची खाजगी गोष्ट आहे. आपल्या उत्कर्षासाठी ती खर्ची घालण्याचा अधिकार नातीला कोणी दिला?

तथापि याला दुसरी बाजू आहे. देवस्थानचा खजिनदार वर्षाअखेरीस महाजनांच्या सभेपुढे हिशेब मांडतो, त्याला कोणी आत्मस्तुती म्हणत नाही. उलट तो मौन पाळील तर आपण त्याला जाब विचारू. ज्याच्या हाती परक्या रुग्णांचे देह सोपवावयाचे, त्याने आजवर काय पाहिले आणि त्यातून काय जाणले, हे विचारणे विद्यापीठाचे कर्तव्यच आहे. मग स्तुती आणि हिशेब यांतील भेद कोणता? स्तुतीचा विषय 'मी' असतो; हिशेबाचा विषय काम असते. हिशेबात जमेबरोबर खर्चही दाखवावा लागतो, आणि जे साधले नाही तेही.

स्तुतीच करावयाची असेल तर ती दुसऱ्याच्या मुखाने व्हावी. पडावाच्याच परिसरात राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे आणि जवळच गंगादासांची शाळा, म्हणजे साधूंचा मठ आहे. जून १८५८ मध्ये घायाळ राणीला तेथे आणले आणि तिच्या देहाची विटंबना होऊ नये म्हणून तेथील साधू लढता लढता पडले, असे स्थानिक परंपरा सांगते. त्या साधूंनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले नाही. त्यांचे सांगणे मागच्या पिढ्यांनी केले. अर्जात शिफारसपत्राची जी जागा आहे, ती याचसाठी आहे. गुणवर्णन तेथे असू द्यावे. आत्मनिवेदनात त्याची पुनरुक्ती कशाला?

मग आत्मनिवेदनात काय लिहावे? याचे उत्तर ही विद्याच देते. चांगला व्यवसायोपचारक रुग्णाला प्रथम विचारतो, "तुम्हांला काय करता यावे असे वाटते?" आपल्या कल्पनेतील आजोबा म्हणतील, "देवाची पूजा माझ्या हातानं व्हावी." घरच्यांनी प्रेमापोटी पूजाही स्वतःकडे घेतलेली असते, आणि ज्याचे काम गेले तो माणूस देवघराकडे नुसता पाहत बसतो. उपचारक देव्हारा खुर्चीवर बसून हात पोचेल इतका उंच करवितो. सहाण सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके घालतो. खोड डाव्या हाताच्या पकडीत नीट यावे म्हणून त्याला कापड गुंडाळतो. सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना शेवटी काढावा, हे शिकवितो. नंतर तो बाजूला होतो. गंध उगाळावयास पाऊण तास लागला तरी मध्ये हात घालीत नाही. हा संयमच या पेशातील सर्वांत कठीण अभ्यास आहे. कारण करून टाकणे सोपे असते, आणि करून टाकणाऱ्याला सेवेचे समाधानही मिळते.

नातीने या दृष्टीने आपला मसुदा पाहिला तर त्यातील उणीव तिला आपोआप दिसेल. 'मी भरविले' या वाक्यात आजोबा कोठेच नाहीत. त्यांनी पहिला घास स्वतः कधी घेतला, तेव्हा आपला पुढे झालेला हात तिने कसा आवरला, आणि कोणत्या दिवशी तो आवरला गेला नाही, हे तिने लिहावे. लिहिण्यापूर्वी ते आजोबांना वाचून दाखवावे आणि त्यांनी नको म्हटलेला भाग निमूटपणे गाळावा. मग त्या निवेदनाचा नायक आजोबा होतील. आजीच्या आक्षेपाला तेथे जागा उरणार नाही, आणि विद्यापीठालाही हवे तेच कळेल. पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या निवेदनांत हे असणार नाही. जे पाहिलेच नाही ते दुसरा कोठून लिहिणार?

असे निवेदन नेहमी यशस्वी होईल, असे आश्वासन मात्र कोणी देऊ शकणार नाही. निवडणाऱ्यांना मोठा आवाज अधिक रुचण्याचा संभव आहे, आणि एक वर्ष वाया जाणे ही मध्यम स्थितीतील कुटुंबाला लहान गोष्ट नाही. पण जी विद्या रुग्णाला पुढे करून स्वतः मागे राहावयास शिकविते, तिच्या दारात स्वतःला पुढे रेटीत शिरणे म्हणजे पहिला धडा चुकवूनच शाळेत जाणे होय. तो धडा घरीच गिरविला असेल, तर जागा यंदा मिळो वा पुढील वर्षी, आजोबांची पूजा तेवढी दररोज चालू राहील.