रात्र कशी सरली, हे पहाट सांगते



गेल्या महिन्यात वडोदऱ्याच्या सत्संगात प्रवचन संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. त्यांचा मुलगा बंगळुरूला नोकरीला आहे. म्हणाल्या, "शनिवारी रात्री तो कुठल्याशा गोदामात जातो. पत्ता आयत्या वेळी मोबाइलवर येतो. सगळे रात्रभर अंधारात नाचतात म्हणे. त्याला या नरकातून बाहेर कसा काढू?" बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "ताई, तिथे मी एकदा जाऊन आलो आहे. तो नरक असता तर कोणी दुसऱ्यांदा गेलेच नसते." त्या दिवशी अर्धवट राहिलेले उत्तर आज पूर्ण करतो.

तळघरातली रात्र

सत्ताविसाव्या वर्षी मी बर्लिनला नोकरी करत होतो. डिसेंबरात तिथे दुपारी चारलाच अंधारून येते. ऑफिस, खोली, वरणभात, झोप. माझ्याशी मराठीत बोलणारा एकच जण होता, तो म्हणजे माझ्या खोलीतला सोबती. एका शनिवारी तोच म्हणाला, "चल, आज जरा माणसांत जाऊ."

बर्लिनला ही गोष्ट नवी नाही. १९८९ मध्ये भिंत पडली तेव्हा पूर्व भागात कित्येक इमारती ओस पडल्या होत्या. तरुणांनी तिथे स्पीकर नेले आणि अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या कृष्णवर्णीय तरुणांनी घडवलेले टेक्नो संगीत लावले. १९९१ मध्ये तर एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात, तिजोरीच्या खोलीत, एक क्लब सुरू झाला. २०२४ मध्ये जर्मनीने बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीची नोंद आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. आपल्यालाही हे सर्वस्वी परके नाही. हणजूणच्या किनाऱ्यावर पौर्णिमेच्या रात्री परदेशी पाहुणे नाचत असत, त्यातूनच पुढे 'गोवा ट्रान्स' नावाचे संगीत जगभर गेले.

दारावरच्या माणसाने आमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यांवर चिकटपट्टी लावली. जिना उतरलो. धूर, एकच लाल दिवा आणि छातीत घुमणारा ठोका. मिनिटाला सव्वाशेहून अधिक ठोके, एकसारखे, न थांबता. पहिला अर्धा तास मी अवघडून उभा होतो. मग पाय आपोआप हलू लागले. तिथे मला कोणी नाव विचारले नाही, पगार विचारला नाही, रंग पाहिला नाही. खरे सांगतो, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझा एकटेपणा गळून पडला. वाटले, हे सगळे आणि मी एकच आहोत.

सोबत्याने कोणाकडून तरी एक गोळी घेतली. मी घेतली नाही. त्यात माझे वैराग्य नव्हते, भीती होती. पहाटे चारच्या सुमारास तो भिंतीला टेकून बसलेला दिसला. डोळे मिटलेले, अंग घामाने निथळत होते. मला वाटले, हा आपल्या आनंदात आहे. मी नाचत राहिलो.

थोड्या वेळाने एक अनोळखी मुलगी त्याच्याजवळ वाकली. नाकात रिंग, अर्धे डोके भादरलेले. तिने त्याच्या कपाळाला हात लावला आणि ओरडली. त्याचे अंग भट्टीसारखे तापले होते आणि तो असंबद्ध बोलत होता. तिने त्याला गार हवेत नेववले, मानेवर ओला रुमाल ठेवला, ११२ क्रमांकावर फोन करवला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा हात सोडला नाही. तो वाचला. नंतर डॉक्टरांनी सांगितले की अशा गोळ्यांनी शरीराचा ताप आवरत नाही, आणि त्यात तासन्‌तास नाचणे म्हणजे आगीत तेल. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी त्याच्या आईला काय सांगणार होतो?

एकत्वाची कसोटी

बंधूंनो, त्या रात्री मी सर्वांशी एकरूप झालो होतो, आणि माझ्याच ताटात जेवणारा माणूस मला दिसला नाही. ते कसले एकत्व? माझा अहंकार विरघळला नव्हता, आवाजात बुडाला होता. बुडालेली वस्तू पाणी ओसरले की जिथल्या तिथे असते. रुग्णालयाच्या बाकावर सकाळी सातला तो परत आला, पहिल्यापेक्षा जड होऊन.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी सुखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. एक आरंभी विषासारखे वाटते आणि शेवटी अमृत होते. दुसरे आरंभी अमृतासारखे, शेवटी विषासारखे. तिसरे आरंभापासून अखेरपर्यंत मोहात ठेवते. म्हणजे सुखाची पारख त्याच्या चवीवर नाही, परिणामावर आहे. रात्र कशी होती, हे रात्री कळत नाही. ते पहाट सांगते.

आपल्याकडेही रात्र जागवतात. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा रात्रंदिवस खाली ठेवत नाहीत. ताल तिथेही चढतो, देहभान तिथेही हरपते. पण एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. म्हणजे कोणीतरी जागे असते आणि दुसऱ्याकडे पाहत असते. पहाटे काकडा होतो, शेवटच्या दिवशी काला वाटला जातो आणि माणूस घरी जातो तो हलका होऊन.

आता आपल्याकडे वळू

पण इथे थांबलो तर हे प्रवचन खोटे ठरेल. त्या तळघरात सेवा कोणी केली? जिला आपल्या सत्संगात पाहून आपण कुजबुजलो असतो, तिने. आणि भजनात डोळे मिटून डोलताना शेजारी कोणी हुंदके देत असेल, तर आपल्यापैकी किती जणांचे डोळे उघडतात? 'तो आपल्या भावावस्थेत आहे' असे म्हणून आपणही नाचत राहतो. धुंदी गोळीची असो की भजनाची, शेजारचा दिसेनासा झाला की ती धुंदीच.

म्हणून ताईंना, आणि अशा प्रत्येक आईवडिलांना, माझे सांगणे आहे. मुलगा पहाटे घरी आला तर आधी पाणी द्या. ताप, गोंधळ, बेशुद्धी दिसली तर लोकलाजेखातर लपवू नका, लगेच डॉक्टर गाठा. गोळीबद्दल मात्र स्पष्ट बोला: ती जीव घेऊ शकते आणि कायद्यानेही गुन्हा आहे. पण त्याच्या भुकेला गुन्हा म्हणू नका. तो आपलेपणा शोधतो आहे. ती भूक देवाचीच आहे, तिला पत्ता चुकीचा मिळाला आहे. झोप झाल्यावर शेजारी बसा आणि एवढेच विचारा, "तिथे तुला काय मिळते रे?" मग उत्तर मध्येच न तोडता ऐका.

आणि केंद्रांवरच्या साधकांनो, असा मुलगा उद्या आपल्या दारात आला, तर त्याच्या कानातल्या रिंगेकडे पाहू नका. त्याच्या हातात टाळ द्या.

या आठवड्याचा संकल्प लहान आहे. सामूहिक साधना संपली की लगेच चपला शोधू नका. डोळे उघडा आणि शेजारच्याकडे पाहा. त्याचा चेहरा उतरलेला असेल, तर तुमची पुढची साधना तिथे आहे.

हरिः ॐ तत्सत्.